पहिला पसंतीक्रम

आमच्या घरात मला कुणी फारसं काही विचारत नाही. दुकानाला रंग द्यायचा, जावेच्या मुलीचं लग्न ठरलं, सगळं मला शेवटी कळतं. त्याचं वाईट वाटावं असं कधी मनात आलं नाही. देवाधर्माचं तेवढं माझ्याकडे होतं. श्रावणात काय वर्ज्य, जंगमस्वामींना कधी बोलवायचं, नव्या घरात पाय कोणत्या दिवशी ठेवायचा, हे मला विचारल्याशिवाय होत नसे. लग्न होऊन उदगीरला आले तेव्हापासून इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेतलेला नाही, आणि पूजा होईपर्यंत बोलत नाही. सोमवारी एकवेळ जेवते. खोटं बोलायचं नाही असा काही मी नेम घेतला नव्हता, पण लोकांनी तोही माझ्या नावावर लावून टाकला होता. गल्लीतल्या बायका भांडल्या तरी म्हणायच्या, "उमादेवीअक्काला विचारा, ती सांगंल ते खरं."

ते सगळं मी एका शब्दात घालवलं. तो शब्द होता, नांदेड.

सुकन्या आमची एकुलती. दहावीला गुण चांगले पडले म्हणून ह्यांनी तिला लातूरला ठेवलं. आमच्याकडं हुशार पोर म्हटलं की लातूर, आणि लातूर म्हटलं की डॉक्टर. दोन वर्षं ती तिथं होस्टेलवर राहिली. दर रविवारी सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळी परत जायची. त्या मधल्या सात-आठ तासांत माझ्याशी जेवढं कुणी बोलायचं, तेवढं पुढच्या सहा दिवसांत मिळून कुणी बोलत नसे.

बारावीच्या दिवाळीत ह्यांनी तिची जीवशास्त्राची वही उघडली. बेडकाच्या पोटाच्या आकृतीसमोरच्या पानावर तिनं क्लासचा जिना काढला होता. खाली लिहिलं होतं, "इथून एकावेळी दीडशे मुलं उतरतात. जिना तीन फुटांचा. वळणावर उजेड नाही."

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"अप्पा, मला आर्किटेक्चरला जायचंय."

"लातुरात राहून बिल्डिंगा काढायलीस व्हय गं? मग तिथं कशाला, इथंच ठेवली असती मलप्पा गवंड्याच्या हाताखाली."

"गवंडी बांधतो अप्पा. कसं बांधायचं ते आधी कुणीतरी ठरवतं ना."

"ते मी ठरवतो. घर माझं असतंय."

ती हसली. हेही हसले. पेंड-सरकीच्या दुकानात दिवसभर बसून माणूस हट्टी होतो, पण हे दुष्ट नाहीत. चार-सहा महिने कुरकुरले आणि मग डॉक्टरकीचं नाव सोडलं. लातुरातच रुद्रेश सर म्हणून एकजण चित्रांची शिकवणी घ्यायचे, त्यांच्याकडं तिला जाऊ दिलं. नाटा नावाची ती परीक्षा असते. अर्धी कागद-पेन्सिलीवर, अर्धी संगणकावर. दोनशेपैकी तिला एकशे चौतीस मिळाले. बारावीचे गुण धरून राज्याच्या यादीत नंबर आला दोनशे बारा.

रुद्रेश सरांचा त्या दिवशी फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. मुंबईला एक जुनं सरकारी कॉलेज आहे, तिथं जागा फार थोड्या, आणि आपल्या भागातलं लेकरू तिथं क्वचितच पोचतं. "काठावर आहे," सर म्हणाले, "पण लागू शकतं. आता फॉर्म नीट भरा." मग त्यांनी नियम सांगितला, आणि तो मला तेव्हाच पूर्ण कळला होता. पुढं मी 'मला त्यातलं काही कळत नाही' असा चेहरा करून बसले, म्हणून हे सांगते. कॉलेजांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमानं भरायची. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं, की जागा तिथंच पक्की. पुढच्या फेऱ्यांमध्ये उभं राहता येत नाही. म्हणून ज्यावर खरं मन आहे तेच सगळ्यात वर टाकायचं. ते नाही लागलं, तर खालचं कुठं जात नाही.

"म्हणजे मुंबई वर, नांदेड खाली," सुकन्या म्हणाली.

"नांदेड वर," हे म्हणाले. "नांदेड म्हणजे सकाळी निघालं की दुपारी घरी."

"अप्पा, नांदेड तर असंही मिळणारच आहे मला. वर टाकून उपयोग काय?"

"आणि वर टाकलेलं मुंबई लागलंच तर?"

"लागावं म्हणूनच टाकायचं ना!"

"तेच म्हणतोय मी. लागलंच तर काय करायचं?"

दोन दिवस घरात हेच चाललं. जेवताना तेच, दुकानातून येताना-जाताना तेच. फॉर्म पक्का करायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. मी भाकरी करत होते. सुकन्या आत आली, पाटावर बसली आणि म्हणाली, "अव्वा, तू वीरभद्राला फूल लाव. देव देईल ते मी घेईन. अप्पा, तुम्ही पण?"

ओसरीवरून ह्यांचा आवाज आला, "हाव. तिनं सांगितलं की विषय संपला."

आमच्याकडं अवघड गोष्टीला असंच करतात. देवाच्या मूर्तीला ओलं फूल चिकटवायचं, मनातलं विचारायचं आणि समोर बसून राहायचं. देवाच्या उजव्या अंगाला पडलं तर होकार, डाव्या अंगाला पडलं तर नकार. कधी घटकाभर वेळ लागतो, कधी अर्धा दिवस. सुकन्या एवढी शिकलेली, तिचा त्यावर किती विश्वास होता कोण जाणे. माझ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून मी देवळात गेले. पुजारी दगडोबांनी कण्हेरीचं फूल पाण्यात बुडवून देवाच्या छातीवर लावलं. "मागा अक्का," म्हणाले, आणि तेवढ्यात बाहेर कुणीतरी नव्या ट्रॅक्टरची पूजा करायला हाका मारायला लागलं, म्हणून ते हळदकुंकवाचं ताट घेऊन निघाले. जाताना त्यांनी घंटा वाजवली.

मी विचारलं, "सुकन्याचं मुंबईत भलं असंल तर उजवं दे."

घंटेचा नाद अजून गाभाऱ्यात फिरत होता, तोवर फूल पडलं. उजवीकडं. घरंगळत नाही, अडखळत नाही, कुणी हातानं ठेवावं तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत एवढं चटकन मला देवानं कधीच उत्तर दिलं नव्हतं. मी फूल उचलून पदरात बांधलं. दगडोबा परत आले, "दिलं का?" म्हणाले. "दिलं," मी म्हणाले. त्यांनी कोणतं ते विचारलं नाही.

घरी पोचेपर्यंत मुंबईच म्हणायचं मनात होतं आणि ऐन वेळी तोंडातून दुसरं निघालं, असं मी कितीतरी महिने स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. वाटेत एस.टी. स्टँड लागतं. तिथं लातूरची गाडी उभी होती, मुलीबाळी पाठीवर सॅक घेऊन उतरत होत्या, एक आई पुढं होऊन सॅक घेत होती. मला तिथं रविवार दिसला. मुंबईला रविवार नसतो. दिवाळी असते, उन्हाळा असतो, आणि मग नोकरी असते. स्टँड ओलांडून मी पलीकडं गेले तेव्हा माझं ठरलेलं होतं.

ओसरीवर दोघं बसले होते. सुकन्याच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"काय झालं अव्वा?"

"नांदेड," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं क्षणभर पाहिलं. संशयानं नव्हे. कुणी गेल्याची बातमी ऐकल्यावर माणूस पाहतं तसं. मग मान खाली घालून तिनं नांदेड उचलून पहिल्या ओळीत नेलं. "झालं अप्पा," म्हणाली आणि आत निघून गेली. ह्यांनी वीरभद्राच्या दिशेला हात जोडले.

पहिल्या फेरीची यादी लागली. नांदेड लागलं आणि नियमाप्रमाणं जागा पक्की झाली. थोड्या वेळानं रुद्रेश सरांचा फोन आला. सुकन्यानं तो स्पीकरवर ठेवला होता.

"सुकन्या, पहिला नंबर कुणी बदलला?"

"आमच्या घरी ठरलं, सर."

"घरी ठरलं? अगं, मुंबईला मुलींची यादी दोनशे चाळीसला बंद झालीय. तू दोनशे बारा आहेस! घरात कुणाला आकडे वाचता येतात का नाही?"

"सर, माझंच ठरलं," ती म्हणाली. फुलाचं तिनं सांगितलं नाही. माझं नाव कुणी हसण्यावारी नेऊ नये म्हणून तिनं तो दोष स्वतःवर घेतला.

फोन ठेवून ती माझ्याजवळ आली. मी तांदूळ निवडत होते. "लागलं असतं का?" मी विचारलं. मला ठाऊक होतं तरी विचारलं.

"लागलं असतं." ती ताटातले दोन-तीन खडे वेचत राहिली. "असू दे अव्वा. तिथं माझं काहीतरी वाईट होणार असंल. तू विचारलंस म्हणून वाचले."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमची पूजा उघड्या डोळ्यांची. इष्टलिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं आणि पापणी न हलवता त्याच्याकडं पाहत राहायचं. इतकी वर्षं मला त्यात कधी कष्ट पडले नव्हते. आता पाहायला बसले की नजर घसरायची. मग मी नेम वाढवले. चहा सोडला. गुरुवारी मौन धरलं. शेवटी साखरही सोडली. चहा सोडून काय फिटणार होतं, हे लिहितानाही लाज वाटते. पण नेम वाढवले तसा माझा मानच वाढला. बायका म्हणायच्या, "पोरगी नांदेडला लागली, म्हणून अक्कानं किती धरलंय बघा." मी मान खाली घालायची आणि त्यांना तो विनय वाटायचा.

नांदेडात वर्कशॉप कॉर्नरजवळ तिनं खोली घेतली. सोबतीला हिमायतनगरची लुंबिनी, त्याच कॉलेजातली. लुंबिनी तोंडाची मोकळी. फोन तिनं उचलला की म्हणायची, "काकू, तुमची पोरगी झोपेत फूटपट्टी मागून राहिली. हिला काही देवाचं पाणी-बिणी पाजा." सुकन्या दर रविवारी नाही, पण महिन्यातून दोनदा यायची. कॉलेज वाईट नव्हतं. शिक्षक जीव लावून शिकवायचे. ती त्याबद्दल कधी वावगं बोलली नाही. फक्त बोलायचीच कमी. बोटांना फेविकॉल लागलेला असायचा, तो खरवडत बसायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. त्यांच्या कॉलेजात मुंबईहून काही मुलं आपली कामं दाखवायला आली होती. त्यांच्यासमोर हिनंही आपलं मॉडेल मांडलं. तिचे सर नंतर तिला बाजूला घेऊन म्हणाले, परत बस. नाटा पुन्हा दे, यादी पुन्हा भर. एक वर्ष जाईल, पण तुझी जागा तिथं आहे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. अर्जाची मुदत शनिवारपर्यंत आहे. मी नाही भरत."

"का गं?"

"देवानं एकदा नाही म्हटलंय ना अव्वा. परत तेच मागायचं म्हणजे... तूच लहानपणी सांगायचीस, दिलेल्या उत्तरावर पुन्हा विचारू नये."

तोवर मला वाटत होतं, झालं ते झालं. एक जागा गेली, ती मी घालवली, तिचा भोग मी भोगीन. पण माझं खोटं संपलेलंच नव्हतं. ते नांदेडात तिच्या खोलीत बसून होतं, आणि तिनं दाराला हात लावला की आतून कडी घालत होतं.

शनिवारी पूजा आटोपून मी ह्यांना म्हणाले, "सुकन्याला डबा देऊन येते." अहमदपूर, लोहा करत गाडी दुपारी नांदेडला पोचली. खोलीभर पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे पडले होते. लुंबिनीनं माझ्या हातातली पिशवी घेतली. "काकू, पाय जपून ठेवा, तिथं आमचं पोस्ट ऑफिस हाय. ही चार दिवस बांधून राहिली."

"लुंबिनी, मला हिच्याशी थोडं बोलायचंय," मी म्हणाले.

तिनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. चपला घालून झेरॉक्स काढायला म्हणून निघून गेली.

सुकन्या घाबरली. "अप्पांना काही झालं का?"

"न्हाई. फूल उजवं पडलं होतं."

तिला समजलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं. "वीरभद्रानं मुंबई दिली होती. मी नांदेड सांगितलं."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा चालू होता. तो दूर जाईपर्यंत ती हातातल्या कटरचं पातं आत-बाहेर करत राहिली. मग म्हणाली, "किती वेळानं पडलं होतं?"

"लगेच. घंटेचा आवाज थांबला नव्हता."

"लगेच," ती म्हणाली. कटर तिनं हळूच खाली ठेवला. "अप्पांना भिऊन केलंस का?"

हो म्हणता आलं असतं. तिनंच मला वाट करून दिली होती, आणि तिला ते पटलंही असतं. आई धाकात राहते, हे ती लहानपणापासून बघत आलीय.

"न्हाई," मी म्हणाले. "अप्पांना देवाचं सांगितलं असतं तर ते ऐकणारच होते. मलाच तू जवळ पाहिजे होतीस. तू गेल्यावर घरात मला बोलायला कुणी नाही."

"मग तसं म्हणायचं ना अव्वा!" तिचा आवाज फाटला. "म्हणायचं, सुकन्या, नको जाऊस, मला करमत नाही. मी कदाचित राहिलेही असते. कदाचित भांडले असते. पण तू देवाला मधी आणलंस. मी सहा महिने विचार करून राहिले, माझं असं काय वाईट होणार होतं मुंबईत? मी रस्ता ओलांडताना भ्यायची. मला वाटायचं, अपघात असंल, नाहीतर..." ती थांबली. 'नाहीतर' पुढं काय, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही.

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. ती बाजूला सरकली.

"अप्पांना सांग," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

मी फोन लावला. तिनं तो माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर ठेवला. दुकानात पोती उतरवण्याचा गलका ऐकू येत होता. मी सांगितलं. सगळं सांगितलं, स्टँडपासून.

हे म्हणाले, "म्हणजे तूच केलंस ते?"

"हो."

"अगं, मग लई चांगलं केलंस की! माझ्या मनातलं होतं तेच केलंस. मला वाटलं न्हाई तुझ्यात एवढी अक्कल हाय." आणि ते हसले. खरोखर खूश होऊन हसले. लग्नाला तेवीस वर्षं झाली, ह्यांनी माझं तोंडावर कौतुक केलेलं मला आठवत नाही. पहिल्यांदा केलं ते याच्यासाठी. माझी लेक समोर बसून ऐकत होती.

"अप्पा," सुकन्या म्हणाली, "मी परत परीक्षेला बसायलेय."

"आता? वर्ष वाया घालवून?"

"हो."

"अगं, पण आता नांदेडात बसलंय ना तुझं नीट? उमा, सांग तिला काहीतरी."

"मी न्हाई सांगणार," मी म्हणाले. "तिला बसू द्या. यादीत वर काय टाकायचं ते तिचं ती ठरवंल. तुम्ही बोलायचं न्हाई, मीबी बोलायचं न्हाई."

पलीकडं कुणीतरी "शेठ, पावती" म्हणालं. हे म्हणाले, "घरी ये, मग बघू," आणि फोन बंद झाला. बघू म्हणजे घरी गेल्यावर मला बरंच ऐकायचं होतं. त्याची मला भीती वाटली नाही असं नाही.

सुकन्यानं लॅपटॉप उघडला. फोटो, सही, दहावीचं वर्ष, एकेक रकाना ती भरत गेली. मी भिंतीला टेकून बसले होते. मध्येच तिनं मान वर न करता विचारलं, "तुझ्या आधारवर नाव उमादेवी जोडून आहे का सुटं?"

"जोडून."

तिनं लिहिलं. अर्ज गेला तेव्हा तिनं मोठा श्वास सोडला, पण माझ्याकडं पाहिलं नाही. मी डब्यातली भाकरी, शेंगदाण्याची चटणी काढून ठेवली. दोन दिवस राहून तिला करून घालू का, असं विचारलं. "नको," ती म्हणाली.

लुंबिनी आली. तिनं आमचे दोघींचे चेहरे पाहिले. ती मुकाट्यानं पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करायला लागली.

मी निघाले. दारापर्यंत सुकन्या आली. "पुढच्या रविवारी मी येणार नाही," ती म्हणाली. "कॉलेजचं सबमिशन आणि परीक्षा, दोन्ही आहे."

"बरं."

"त्याच्या पुढच्याही नाही. मेपर्यंत कधीच नाही."

"बरं," मी म्हणाले. चप्पल घालायला वाकले तेव्हा वाटलं होतं, ती अजून काही म्हणेल. ती दार धरून उभी होती. मी जिना उतरायला लागले तशी आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला नाही, पुठ्ठा कापायचा आला.